कावळा पार्टीतली रडणारी

माय, आज सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना कावळा माझ्या डोक्यावर येऊन बसला. बसला म्हणजे ऐटीत बसला, चोच घासली आणि मग उडाला. सुनेचा चेहरा पांढराफटक. "आई, तुम्ही गेल्या म्हणून नातेवाइकांना फोन करू का?" तिनं विचारलं, आणि मला हसू आवरेना. कावळा डोक्यावर बसला की मेल्याची खोटी खबर धाडायची, चार माणसं रडली की अरिष्ट टळतं आणि उलट आयुष्य वाढतं, हे तिला माहेरी शिकवलंय. तिला काय ठाऊक, तिच्या आजेसासूनं याच कावळ्यावर अख्खी पार्टी चालवली होती. आता ऐंशी उलटल्यावर मी आयुष्य वाढवून घेऊन करू काय, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. माजरीच्या खाणीजवळचं आपलं गाव, आणि बाजारात निंबाखाली मशीन चालवणारा शिंपी. त्याच्या डोक्यावर कावळा बसला, पण खबर धाडायला त्याला जगात कोणी नव्हतं. तो रडकुंडीला येऊन आपल्या घरी आला, कारण आपल्याकडेच राहणाऱ्या मामाकडे बाजाची पेटी होती आणि मामा दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळांत गायचा. "भाऊ, माह्यासाठी कोनीतरी रडा ना जी," तो म्हणाला. मामाला गाता येत होतं, रडता येत नव्हतं. तू चुलीपुढून उठलीस, शिंप्याला खाटेवर निजवलंस, वर पांढरी चादर ओढलीस आणि हेल काढलास:

गेला वो बाई गेला, एक बाही आखूड शिवून गेला,
अर्धी बिडी कानावर ठेवून गेला,
भात शिजाच्या आंदी गेला, माह्या वाटची मच्छी खाऊन गेला!

जमलेलं गाव पोट धरून हसायला लागलं. चादरीखालचं मढंही गदगदा हलत होतं. शेवटी तू नाक पुसून विचारलंस, "चहा घेता का जी?" आणि शिंपी ताडकन उठून बसला. "घेतो ना बाई! साखर जास्त टाकजो."

त्या चहावर आपली कावळा पार्टी उभी राहिली. पेटीवर मामा, ढोलकीवर त्याचा दोस्त, जो खाणीतल्या सुरुंगांनी एका कानानं बहिरा झाला होता, झांजा वाजवायला मी आणि रडणारी तू. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे आपल्याकडच्या जत्रा, भरल्या की बोलावणी यायची. लोक हौसेनं मरायला यायचे. चिमूरला एका म्हाताऱ्यानं दोनदा मरून घेतलं, कारण पहिल्या खेपेला त्याची बायको म्हणे पुरेशी हसली नव्हती. शहाणी माणसं अभद्र म्हणून तोंड फिरवायची आणि मांडवामागं उभी राहून सगळं ऐकायची. प्रत्येकाचं रडगाणं तू नवं रचायचीस, कानावरची बिडी मात्र सगळ्यांच्या गाण्यात यायची, मग तो बिडी ओढणारा असो की नसो. "हे काऊन घालतेस?" मी विचारलं, तर म्हणालीस, "चालीत बसते म्हून."

पण आपल्याच घरात एक मढं अडकून पडलं होतं. पार्टी सुरू व्हायच्या आधीच बाबा खाण सोडून ठेकेदाराबरोबर आलापल्लीकडे सागवान तोडायला गेले ते परतलेच नाहीत. पुरात गेले, असा मुकादमाचा निरोप आला. प्रेत नाही, कपडा नाही. काका येऊन बसायचे. "वहिनी, बांगड्या फोडा. त्याची क्रिया करू द्या, जीव भटकून राह्यला त्याचा." तू भात वाढत म्हणायचीस, "खबर खोटी असन भाऊजी, तं त्याहीचं आयुष्य वाढलं. मी काऊन फोडू?" मला तुझा राग यायचा. परक्यांच्या खोट्या मढ्यांवर रडतेस आणि स्वतःच्या नवऱ्यासाठी एक टिपूस नाही, असं वाटायचं.

मग आलापल्लीच्या लाकूड डेपोतून बोलावणं आलं. जंगलचा रस्ता, हिवताप, मामा नको म्हणाला. तू त्याच दिवशी गाठोडं बांधलंस. तिथं एकेक लाकूडतोड्या खाटेवर निजत होता आणि रडायच्या आधी तू चादर जराशी उचलून प्रत्येकाचा चेहरा बघत होतीस. झांजा माझ्या हातातच राहिल्या. तू पार्टी कशासाठी चालवत होतीस ते मला तेव्हा कळलं.

खेळानंतर एक म्हातारा गोंड तोड्या तुझ्याजवळ आला. "बाई, अर्धी बिडी कानावर ठेवनारा, हासतानी तोंडावर हात धरनारा, माजरीकडचा. तो तुमचा कोन?"

"मालक," तू म्हणालीस.

"पूर उतरल्यावर गवसला तो. आमी त्याले काठावर माती देल्ली. म्या सोता लोटली."

तू त्याला हात जोडलेस. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना खाट मांडलीस, चादर पसरलीस, आणि चादरीखाली कोणीच नाही. मामा पेटीवरून उठायला लागला, त्याला तू नजरेनंच बसवलंस. तू रडते आहेस, आपल्या नेहमीच्या चालीत. घोरण्यानं मांजर घर सोडून गेलं. बायकोला लुगडं आणायला गेला आन् कोंबडा घेऊन आला. डेपो हसतो आहे, मीही हसते आहे, कारण बाबा अगदी असेच होते. शेवटी तू विचारतेस, "चहा घेता का जी?" चादर हलत नाही. ढोलकी थांबते. "घ्या ना जी. साखर जास्त टाकली." इतका मऊ आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता. तेव्हा तू खाटेच्या लाकडावर हात आपटून बांगड्या फोडल्यास.

पार्टी तिथंच संपली. मामानं पेटी भजनाला देऊन टाकली. पुढं कोणी गंमत म्हणून रडून दाखवायला सांगितलं, तर तू म्हणायचीस, "आटलं आता," आणि धान पाखडायला लागायचीस.

ही चिठ्ठी धाडू कुठं? तुझा पत्ता मुकादमालाही ठाऊक नसेल. तांदळाच्या डब्याखाली ठेवून देईन. सुनेला सांगितलंय, कोणाला फोन करू नकोस. तू गेलीस तेव्हा मी रडले नाही, बायका म्हणाल्या, लेक दगडाची आहे. खरं सांगू, माय? सगळे बाहेर तयारीला लागले तेव्हा मी चहा केला, साखर जास्त टाकली, तुझ्या उशाशी ठेवला आणि हळूच विचारलं. कपावर साय धरेपर्यंत मी वाट पाहिली.