आत्तींचं हिरवं लुगडं

मळ्यातलं घर, वडूज
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. हौसावन्संना विजयमालेचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळायला मार्ग नाही, कारण तुम्ही फोन उचलत नाही. शेवटी साईराजच्या जुन्या वहीतली पानं फाडली आणि बसले लिहायला. पोरगं तिकडं शिरवळला बसून फोनवर हसतंय, "आई, आता पत्र कोण लिहितं?" म्हटलं, ज्याचा फोन कोणी घेत नाही तो लिहितो.

यंदा पावसानं नको नको केलं. वरच्या रानाला अजून वाफसा नाही, ज्वारीची पेरणी खोळंबलीय. तुमचे भाऊ दिवसातून चार वेळा बांधावर जाऊन माती हातात घेऊन बघतात आणि परत येतात. बोलत काही नाहीत. पलटणीतून हवालदार होऊन आले तेव्हापासून तसे कमीच बोलतात, पण तुम्ही रागावून गेल्यापासून तेवढंही नाही. यंदा तुमची राखी आली नाही. तेव्हा पोस्टमन दिसला की हे उठून उभे राहायचे.

गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ दारात आले. "बनुबाई हायत का? गाय घ्याचीया, जरा बघाया चला म्हणावं." त्यांना कळलंच नव्हतं. मी सांगितलं, आत्ती फाल्गुनात गेल्या. ते अंगणातच टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "माज्या बाची पैली गाय बी त्यांनीच बगून दिली हुती. आता जनावर दावायचं तरी कुनाला?" मी चहा दिला.

खरंच, किती लोकांच्या गोठ्यात त्यांनी पारखलेली जनावरं आहेत! बाजारात व्यापारी दात दाखवायला लागला की त्या म्हणायच्या, "दात ऱ्हाऊ दे रं, आदी पानी पाज तिला." गाय पाणी कशी पिते ते बघायच्या आणि मगच हो किंवा नाही. व्यापारी चिडायचे, पण त्यांच्यापुढं कोणाचं चालायचं नाही.

तुम्ही मला बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायचा ते परवा सारखं आठवत होतं. मामंजी लढाईवरून परत न आल्याला वर्ष झालेलं. दोन बैल, एक गाय, आठ वर्षांच्या तुम्ही आणि तुमच्या काखेत हे. एवढं घेऊन आत्ती कृष्णाकाठी चालत गेल्या आणि उंब्रजला एका बागाइतदाराच्या चिंचेखाली राहिल्या. जनावरांचं शेण त्याच्या रानाला, त्याच्या उसाचं वाढं जनावरांना. पाऊस पडल्यावर जेवढी जनावरं नेली होती तेवढी परत आणली. पुढं तुमच्यासाठी उंब्रजचंच स्थळ त्यांनी का धरलं, तर म्हणे, "जितं माजी जनावरं जगली, तितं पोरगी बी जगंल." मला हे बोलणं फार आवडतं, वन्सं.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला धार काढायला बसवलं. म्हैस हललीसुद्धा नाही आणि दूधही आलं नाही. आत्ती हसल्या, "हिचा हात भाकरीचा हाय, धारंचा न्हाई." चूल मला दिली, गोठा स्वतःकडे ठेवला. शहाऐंशीव्या वर्षापर्यंत ठेवला. गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळीही काशी म्हशीची धार त्यांनीच काढली होती.

आता तेराव्या दिवसाचं लिहिते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत होते ते त्यासाठीच.

जमिनीच्या हक्कसोडीवर तुम्ही सही केलीत तेव्हा तोंडातून शब्द काढला नाहीत. मागितलंत फक्त आईचं हिरवं इरकली लुगडं. आणि ह्यांनी चारचौघांत सांगितलं, "ते न्हाई मिळायचं, अक्का." तुम्ही पाणीसुद्धा न पिता निघालात. तुमचा राग खरा आहे. माझ्या भावानं असं केलं असतं तर मीही त्याचं तोंड बघितलं नसतं.

पण नाही का म्हणाले ते ऐका. मला शपथ घातली होती, ती आज मोडते.

काशीचं रेडकू आधीच गेलेलं. ती पान्हा सोडायची फक्त आत्तींना. आत्ती गेल्या आणि ती हात लावू देईना. थानं तटली. डॉक्टर म्हणाले, दूध निघालं नाही तर कासेला दगडी होऊन कास निकामी होईल. आधी मीच आत्तींचं ते हिरवं लुगडं नेसून बसले. तिनं वास घेतला आणि बादली उडवून दिली. मग राख सावडून आलो त्या संध्याकाळी हे स्वतःच ते लुगडं घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. "जरा कासोटा घालून दे. आन् कुनाला बोललीस तर बग!"

एवढ्या मिशांचा माणूस! मला हसू आवरेना. पण डोक्यावरून पदर घेऊन ते काशीजवळ बसले आणि तिनं पान्हा सोडला. ते तिच्या कुशीला डोकं टेकून ढसाढसा रडले. मग मीही रडले. तेव्हापासून दोन्ही वेळा लुगडं नेसूनच धार. हे चारचौघांत कसं सांगणार होते, वन्सं?

दसऱ्याच्या सुमारास काशी आटली. मला वाटलं, आता लुगड्याचं काम संपलं, धुऊन तुम्हाला पाठवून देऊ. काल पहाटे लुगडं काढायला गेले तर खुंटी रिकामी. गोठ्यात डोकावले. बादली नाही, धार नाही. तुमचे भाऊ लुगडं नेसून काशीशेजारी नुसते बसलेले.

"आये, अक्का माज्यासंगं बोलंना गं," म्हणत होते. "तू तरी सांग की तिला."

मी तशीच मागं फिरले.

म्हणून लुगडं पाठवत नाही. माझ्यानं ते होणार नाही. यंदा आपल्याला सण नाही, तेव्हा भाऊबीजेला या असंही लिहीत नाही. नुसत्या मुक्कामाला या. पहाटे मी तुम्हाला उठवीन. गोठ्यात तुम्ही एकट्याच जा. हे आईला हाक मारून उत्तराची वाट बघत बसतात, आणि त्या हाकेला ओ देणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

नवऱ्याची शपथ मोडलेली,
तुमची भावजय
विजयमाला