करिमाताचं विमान चुकलंच पाहिजे

८ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. कारण एकच, सूड. असल्या कामात तोंडाने बोलायचं नसतं, म्हणून कागद.

झालं असं. नात्सुहोचं, म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न १२ ऑक्टोबरला समुद्रापलीकडे नाहा शहरात आहे. सानशिन, म्हणजे आपलं तीन तारांचं वाद्य, वाजवत गाणं म्हणायचं आणि मग समारंभ सुरू करायचा, ही आपल्याकडची रीत. गाणार मी, हे मी धरूनच चाललो होतो. आज पोरीचा फोन. म्हणे, "बाबा, गाणं गेन्शूमामा म्हणेल हं."

गेन्शू करिमाता. माझा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ. गावात कुठेही गाणं असो, हा आधीच तिथे मांडी घालून बसलेला.

मी शांतपणे "बरं" म्हणालो. बायको, फुमिए, म्हणते मी फोन आपटला. तिला वाढवून सांगायची सवय आहे.

संकल्प : १२ तारखेला गाणार मीच. करिमाता नाहाला पोचणार नाही.

९ सप्टेंबर
पहाटे रियाझ. आवाज भलताच लागला. फुमिएने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, आवाज बाहेर वाया जाऊ नये म्हणून असणार. नंतर म्हणाली, "अहो, गाताय की कोणाला हाका मारताय? शेजारची शेळी मघापासून ओ देतेय."

शेळीलासुद्धा कळतं. पोरीला कळत नाही.

१६ सप्टेंबर
बेत तयार. तो साधा आहे म्हणूनच पक्का आहे.

आपल्या मियाको बेटावरून नाहाला जायचं तर विमानच. आणि विमानतळ म्हणजे माझं अंगण. भाड्याच्या गाड्यांचा धंदा मी त्याच्याच दारात इतकी वर्षं केला. नावाची पाटी धरून अरायव्हलला जितका मी उभा राहिलोय तितका तिथला एखादा खांबही राहिला नसेल. विमानतळाची नस अन् नस मला ठाऊक आहे. करिमाताला काय ठाऊक? ऊस आणि सानशिन.

सगळ्यांची तिकिटं मी काढतो म्हणालो. लग्नाच्या आठवड्यात फुमिए मंगळवारी पुढे जाईल. मी लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सकाळच्या पहिल्या विमानाने. करिमाता त्याच दिवशी दुपारच्या शेवटच्या विमानाने. ऑक्टोबरात वादळं दुपारी चढतात, हा माझा अनुभव. त्याचं विमान रद्द होणार, पोरगी रडवेली होणार, आणि मी कोपऱ्यातून म्हणणार, "काय गं, मी गाऊ का?"

करिमाताला तिकीट नेऊन दिलं. हात जोडून म्हणतो, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून मला कसली काळजी नाही बघा." शिवाय घरच्या दोन पपया दिल्या. अशी गोड माणसंच धोकादायक. पपई चांगली होती.

३ ऑक्टोबर
वजन कमी करायचा संकल्प होता, तो लग्नानंतर. सुडाला ताकद लागते.

गाड्यांच्या दुकानातल्या पोरांना विचारलं, वादळ कधी येईल? फोनमध्ये बघून म्हणतात, "काका, अजून काही नाही." मी गुडघा दाबून पाहिला. येणार.

८ ऑक्टोबर
फुमिएला विमानात बसवून आलो. जाताना म्हणाली, "शुक्रवारी वेळेवर या. आणि दादाशी नीट वागा, त्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

यादी केली तर पानं पुरायची नाहीत. लहानपणी शाळेच्या मैदानी खेळात त्याने मला मागे टाकलं होतं. माझ्याच लग्नात तो गायला होता. आणि लोक अजून त्याच गाण्याची आठवण काढतात, माझी नाही.

९ ऑक्टोबर
वादळ जन्मलं. दक्षिणेला. मी सांगितलेलंच.

१० ऑक्टोबर
वादळ जोरात निघालंय. टीव्हीवाला म्हणतो शुक्रवारी सकाळी त्याची कड लागणार, दुपारी थोडी उसंत, आणि शनिवारी मुख्य तडाखा. टीव्हीवाला टोकियोत बसून बोलतोय. मी बेटावरचा माणूस आहे. सकाळी काहीही होणार नाही.

बॅग भरली. सानशिन घेतलं. पाव्हण्यांसाठी आवामोरीची मोठी बाटली घेतली. आपल्या बेटाची दारू नाहाच्या लोकांनी चाखली पाहिजे.

११ ऑक्टोबर, सकाळ, विमानतळ
माझं विमान रद्द.

काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, मी इथलाच आहे, काहीतरी बघ. ती वाकून म्हणाली, "तोमोरीसान, सगळेच इथले आहेत." वेटिंगचं कार्ड हातात दिलं. जागा रिकामी झाली तर नंबर पुकारतील, लगेच यायचं, नाही आलात तर पुढचा नंबर. पलीकडे वाकड्यातिकड्या रांगेत अर्धं बेट बसलंय.

सिक्युरिटी वरच्या मजल्यावर आहे हे मला ठाऊकच होतं. मी आधी खाली शोधून खात्री करून घेतली, इतकंच. हातात पाटी नसली की लोक ओळखतसुद्धा नाहीत.

११ ऑक्टोबर, त्यानंतर थोड्या वेळाने
दुपारचं विमान जाणार आहे.

करिमाता आत्ताच आला. इस्त्रीचा सूट, पाठीला सानशिन, हातात पक्कं तिकीट. मी काढलेलं. मी. माझ्या पैशाने.

मला बघून त्याचा चेहरा पडला. म्हणतो, "अहो भाऊजी, तुम्हाला जागा नाही? मग माझी घ्या की. लग्नात बाप पाहिजे, मामाचं काय."

हा मला उपकाराखाली गाडायला निघालाय. त्याच्या जागेवर बसून गेलो तर जन्मभर सांगत फिरेल. मी म्हणालो, "नको, माझा नंबर वरचा आहे." नंबर वरचा नाही. पण माझा बेत बदललाय, आणि हा आधीच्यापेक्षा सरस आहे.

ओतोरी.

११ ऑक्टोबर, घाईत, संडासात लिहितोय
वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात बाटली फोडली. आसपास अडकलेली माणसं होतीच. मुलांच्या बेसबॉल संघाचे मास्तर, मासळीबाजारातले तिघे, पोस्टातला एक. मियाकोच्या माणसासमोर बाटली आणि पेला एकत्र आले की ओतोरी व्हायचीच. यजमान उभा राहून भाषण करतो, मग एकाच पेल्याने प्रत्येकाला पाजतो, शेवटी दुसऱ्याला यजमानपद देतो. फेरी पुरी झाल्याशिवाय यजमान हलत नाही. हलला तर त्याचं नाव बेटभर.

पहिला यजमान मी. माझी फेरी आटपली की यजमानपद करिमाताच्या गळ्यात. इतक्या माणसांना पाजेपर्यंत त्याचं विमान नाहाला उतरलेलं असेल. त्याला अडवायला मला हात उचलावा लागणार नाही, रीतच अडवेल. एवढं डोकं या बेटावर दुसऱ्या कोणाला नाही.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

माझं भाषण छान चाललं होतं. सुरुवात हवामानावर केली आणि तिथून नात्सुहोवर आलो. ती लहान असताना अरायव्हलला पाटी तीच धरायची, उलटी धरायची, आणि पाव्हणे हसत हसत आमच्याकडेच यायचे, ते सांगितलं. उद्या पोरगी दुसऱ्याच्या घरची होणार, हेही सांगितलं. मास्तरांनी डोळे पुसले. इतकं मन लावून माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे चौघे ऐकायला आले आणि पेल्यासाठी रांगेत बसले. त्यांना पाजणं आलं. मग त्यांच्या ओळखीचे आणखी कोणी आले.

तेवढ्यात करिमाताच्या विमानाची घोषणा. तो उठला. पेला त्याने ओठाला नुसता लावला होता, उद्या गळा हवा म्हणून. सगळ्यांना वाकून म्हणाला, "माफ करा, उद्या भाचीचं लग्न आहे. यजमानांनी परवानगी दिली तर निघेन." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणणार होतो. मास्तर म्हणाले, "अहो, भाचीचं लग्न आणि विचारताय काय, पळा." मासळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

जाता जाता तो माझ्या कानाशी आला. "भाऊजी, कान भोंग्याकडे ठेवा हं. नंबर पुकारला की हे सगळं टाकून या. मी गेटपाशी रेंगाळतो."

नंबर पुकारला. मी ऐकला. पेला माझ्या हातात होता आणि पोस्टवाला ओठ पुढे करून बसला होता. त्याच्यामागे चार माणसं. एवढ्यांच्या तोंडचा पेला काढून निघालो असतो तर उद्या अख्खं गाव म्हणालं असतं, तोमोरी अर्ध्या फेरीतून पळाला. दुसऱ्यांदाही पुकारतीलच असा माझा हिशोब होता. तीनदा पुकारतात, मी अरायव्हलला ऐकलंय.

दोनदाच पुकारतात.

खाली पोचलो तेव्हा माझ्या जागेवर शाळेतल्या एका बाईंना पाठवून झालं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तोमोरीसान, मी स्वतः वर शोधायला येणार होते, पण इथे एवढी गर्दी." मी तिला तक्रार करीन म्हणून बजावलं. कोणाविरुद्ध, तिने विचारलं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

काचेतून विमान जाताना दिसलं. वारा काहीच नव्हता.

रात्रीपासून सगळी उड्डाणं बंद.

१२ ऑक्टोबर
वादळ आलं. झडपा लावून अंधारात बसलोय. वीज गेली आहे, फोनमध्ये थोडी बॅटरी.

ठरवलं होतं की फोन आला तर सगळा दोष करिमातावर टाकायचा. वाक्यं तयार केली होती. याने माझा नंबर मुद्दाम चुकवला, याने मला बोलण्यात गुंतवलं. बऱ्यापैकी जमली होती.

दुपारी नात्सुहोचा फोन. मागे टाळ्या, हसणं, भांड्यांचा आवाज. रडलेली असावी, पण बोलली हसत.

"मामाने सगळं सांगितलं, बाबा. तुम्ही दिवसभर विमानतळावर उभे होतात म्हणाला. वाऱ्याने तुमचं विमान सोडलंच नाही म्हणाला. त्याला काय वाईट वाटलंय, गाणं झाल्यापासून जेवलेलासुद्धा नाही."

मी तयार केलेलं वाक्य शोधत होतो.

मग ती म्हणाली, "मामाला गायला का सांगितलं माहितीये? तुम्ही सानशिन घेऊन स्टेजवर बसला असता, तर मला दारातून आत कोणी आणलं असतं? मला तुमच्या हाताला धरून यायचं होतं. आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही महिनाभर चालायचा रियाझ करून आईला वेड लावलं असतं."

मी विचारलं, मग कोणाबरोबर आलीस?

"एकटी आले. आई उठत होती, मीच नको म्हटलं. ती तुमची जागा होती ना."

तिला वाटलं लाइन गेली. "बाबा? बाबा, ऐकताय ना? तिकडे फारच वारा होता का हो काल?"

"हो," म्हणालो. "फार होता."