आज काय शिकलीस

आप्पा,

गेले सहा महिने दुपारची जेवणं आटोपली की मी लॅपटॉप उघडून बसते, आणि तुम्ही माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहता. बोलत काही नाही. केमिकल कंपनीतून आल्यावर तुमच्या शर्टाला जो आंबूस, डोळ्यांत जाणारा वास यायचा तो येतो, खिडकी बंद असली तरी येतो. मागे वळून बघायचं धाडस होत नाही. मध्यंतरी मी खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावली. लेक म्हणाली, “आई, उजेड डोळ्यांवर येतोय तुझ्या.” मी म्हटलं, येऊ दे.

माझं वय आता त्रेचाळीस आहे. हे सांगायला हवं, कारण तुम्ही मला विसाव्या वर्षापुढे बघितलेलंच नाही. तुम्ही गेल्यावर कंपनीने तुमच्या जागी मला घेतलं. प्लांटवर नाही, लॅबमध्ये. आधी काचेच्या बाटल्या धुतल्या, मग सँपल तपासायला शिकले. तेवीस वर्षं त्याच गेटमधून आत गेले, ज्या गेटमधून तुम्ही बाहेर यायचात. गेल्या वर्षी कंपनी बंद झाली. दुसऱ्या लॅबमध्ये या वयात कोण घेणार, म्हणून मी घरबसल्या ऑनलाइन सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. तुम्हाला ऐकून हसू येईल. किंवा येणार नाही, कारण तुम्हाला सगळं माहीत होतं.

बारावीनंतर तुम्ही मला स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासला घातलंत. अख्ख्या चाळीत कुणाची मुलगी कॉम्प्युटर शिकत नव्हती. क्लास दुसऱ्या मजल्यावर, चपला बाहेर काढायच्या, आत थंडगार एसी आणि सगळे इंग्रजीत बोलणारे. आठव्या दिवशी माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं आणि पडदा काळा झाला. सरांनी इंग्रजीत काही विचारलं, मला ते कळलं नाही, आणि शेजारची मुलगी तोंडावर रुमाल धरून हसली. बस, एवढंच झालं. नवव्या दिवशी मी पहिल्या मजल्यापर्यंत चढले आणि उतरले. त्यानंतर तीन महिने चारला घरातून निघायचे, वाचनालयात बायकांची मासिकं चाळत बसायचे आणि सहाला परत यायचे.

तुम्ही रोज विचारायचात. मोरीत हातपाय धुऊन आलात की पाटावर बसून, टॉवेल मानेवर, “आज काय शिकलीस?” मी रचून सांगायचे. त्या आठ दिवसांत कानावर पडलेले शब्द होते, तेच फिरवून फिरवून वापरायचे. तिसरा महिना संपत आला तेव्हा एकदा म्हटलं, “आज फाइल सेव्ह करायला शिकले.” तुम्ही विचारलंत, “मग ती जाते कुठे?” मी म्हटलं, “आत.” तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. “आत म्हणजे कुठे गं?” मी चिडून म्हटलं, “तुम्हाला नाही कळायचं ते, आप्पा.” आईने चुलीपासून मागे वळून बघितलं. तुम्ही मान हलवलीत, “बरोबर आहे,” म्हणालात आणि ताट ओढून घेतलंत. परत कधी विचारलं नाहीत. पुढच्या वर्षी एका दुपारी तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलात, चहा टाक म्हणालात आणि चहा उकळेपर्यंत गेलात.

कंपनीच्या शेवटच्या दिवशी तुमच्या बरोबरीचे एक जुने ऑपरेटर काका सगळ्यांना भेटायला आले होते. काठी टेकत लॅबपर्यंत आले. “आता काय करणार तू?” मी म्हटलं, “कॉम्प्युटरचं शिकेन म्हणते.” ते हसले. “शीक, शीक. तुझ्या आप्पाला केवढं कौतुक होतं त्याचं. शिफ्ट सुटली की क्लासच्या खाली जाऊन उभा राहायचा तो, तू दिसतेस का बघायला. एकदा वर जाऊन विचारून आला. ते म्हणाले, मुलगी आठच दिवस आली. मला म्हणाला, पोरीला काही बोलायचं नाही. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल.”

मी हातातली बाटली खाली ठेवली. “कधी गेलेले ते वर?”

“कधी म्हणजे, पहिल्याच महिन्यात.”

म्हणजे पुढचे दोन महिने तुम्ही रोज सगळं माहीत असून विचारत होतात. रोज दार किलकिलं करून बसत होतात, आणि मी रोज ते लावून घेत होते. तेव्हापासून स्टेशनकडे जाताना मी त्या इमारतीच्या बाजूने चालत नाही. खाली आता चष्म्याचं दुकान आहे. तिथे उन्हात कुणी पन्नाशीचा माणूस वर बघत उभा असला की मी मान वळवून पुढे जाते.

शिकणं अवघड गेलं. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली की मी लॅपटॉपच मिटून टाकायचे. लेक म्हणायची, “आई, तू एरर वाचत नाहीस, नुसती घाबरतेस.” मग वाचायला लागले. एकेक ओळ, सँपल तपासावं तशी. मागच्या महिन्यात ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका छोट्या ऑफिसात मुलाखत झाली. बाहेर नवरात्राच्या मांडवाचे बांबू ठोकणं चाललेलं. समोरच्या मुलीने माझा बायोडेटा बघितला. त्यात तो जुना कोर्स लिहिलेला होता, ‘पूर्ण’ म्हणून. तेवीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर तो मी तसाच लिहीत आलेय. तिने विचारलं, “हा कोर्स कुठे केलात?” मी म्हटलं, “केला नाही. आठ दिवस गेलेले, मग पळाले. घरी खोटं सांगितलं.” आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं, तेही लेकीच्या वयाच्या परक्या मुलीसमोर. तिने पेनाने ती ओळ खोडली आणि पुढचं विचारलं. तीन महिन्यांसाठी घेतलंय मला, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या कामावर. पुढचं नंतर बघू म्हणाले.

हे पत्र कुठे पाठवणार, आप्पा? खरं तर हे सगळं जिला सांगायचं ती आई आत भाजी निवडत बसली आहे. कालच शेजारणीला सांगत होती, “हिच्या वडिलांनी तेव्हाच शिकवून ठेवलं म्हणून आज नोकरी लागली.” मी तिथेच होते. मी ‘हो’ म्हणून मान हलवली.