पोरीला पोचणारा मंत्र

उमरगा, जुलै १९४८

श्री स्वामीजींच्या चरणी शरणार्थ,

रझाकारांच्या भीतीने तुम्ही सोलापूरला गेलात, त्यानंतर महिन्याभरात माझी पत्नी महादेवी तापाने गेली. आमची पोर वारली तेव्हा तुम्हीच महादेवीला ‘नमः शिवाय’ हा मंत्र दिला होता. “रोज म्हणत जा बाई, पोरीला पोचतं,” असं म्हणाला होतात. बारा वर्षे ती रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन म्हणत होती.

तापात तिने मला विचारलं, “तुमी शाळा शिकलाव. ह्याचा अर्थ काय हो?”

“शिवाला नमस्कार,” मी म्हणालो.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आपल्या पोरीचं त्यात काईच न्हाय?”

मी काहीतरी जोडून सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही. “नाही,” म्हणालो.

ती हसली. “मग बारा वर्सं येड्यावानी बडबडले की म्या!”

त्यानंतर तिने मंत्र म्हटला नाही. शेवटच्या दिवशी मी रीतीप्रमाणे तिच्या कानाशी तो म्हणत बसलो. माझ्या मागून एकदा तरी म्हण, अशी विनवणी केली. तिने ओठ मिटून घेतले, आणि तशीच गेली.

अर्थ मी बरोबरच सांगितला होता ना, स्वामीजी?

तुम्ही परत आलात की आधी विचाराल, “मंत्र म्हणत गेली ना?” मी हो म्हणणार आहे. म्हणून हे पत्र टाकत नाही.

आपला,
महांतप्पा