चादरीचा कोपरा

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची पेणला! अष्टमीहून निघताना अम्मीने पिशवीत घावने, सुका जवळा आणि शेजारणीने दिलेली लोणच्याची बरणी कोंबली. मला खरं तर कुंडलिकेच्या पुलापलीकडचं रोह्याचं नर्सिंग कॉलेज हवं होतं, घरून चालत जाता आलं असतं. पण तिथे नाव लागलं नाही. उशिराच्या फेरीत हे मिळालं. अम्मी म्हणाली, नशिबात हाय ते गोड मानून घे. अब्बांनी कुवेतहून फोन करून ‘सिस्टर हफ्सा’ अशी हाक मारली आणि स्वतःच हसत सुटले.

गावाबाहेर दुमजली हॉस्पिटल, मागे हॉस्टेल. भिंतींना नवा हिरवा रंग. माझ्या खोलीत हौसा आहे, हमरापूरची, शेवटच्या वर्षाची. तिच्या घरी गणपती रंगवतात. डोळे रंगवायचं काम तिच्याकडे असायचं. बोटं माझ्यासमोर धरून म्हणाली, बघ गो, हलतात काय? सुई गेलेली पेशंटला कळत पण नाय. मी म्हटलं, मग मला पहिली सुई तूच मार. म्हणाली, वचन दिलंस हां. दोघी खूप हसलो.

९ नोव्हेंबर, रविवार

वॉर्ड मोठा आणि स्वच्छ आहे. फक्त पेशंट नाहीत. लोक इथे येतच नाहीत, सरळ सरकारी दवाखान्यात नाहीतर पनवेलला जातात. एकच बाई आहे, खिडकीजवळच्या पलंगावर. हायवेवरच्या अपघातात सापडली, शुद्ध नाही, नातेवाईक नाहीत. सगळ्या तिला मावशी म्हणतात. आम्ही जे शिकतो ते तिच्यावर.

आज कॉलेज चालवणाऱ्या मॅडमनी चादर घालायला शिकवलं. टोक पाकिटासारखं दुमडायचं हे पुस्तकातही आहे. पण मॅडमची स्वतःची एक खोच आहे. शेवटी अंगठ्याने चिमटीभर कापड मागे वळवून आत दाबायचं, म्हणजे कोपरा सुटत नाही. दुसरीकडे कुठे हे शिकवत नाहीत, असं त्या अभिमानाने सांगतात. मला पहिल्या झटक्यात जमलं.

उशाकडचा कोपरा उघडला तेव्हा गादीखाली पेन्सिलीचा बोटभर तुकडा सापडला. मावशीला टोचला असता. लगेच मॅडमना नेऊन दिला. सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली! मग मावशीच्या हातावर थोपटून म्हटलं, घाबरू नका हां मावशी, मी नवीन आहे पण नीट करीन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नाकातून नळी घालायला शिकले. दंडात आणि कमरेवर इंजेक्शन द्यायला शिकले. मावशी हूं की चूं करत नाही. रोजचं मोठं इंजेक्शन मात्र हौसाच देते, शिरेतून.

बाकी कॉलेजचं काही खरं नाही. शिकवणारे दोघे दिवाळीनंतर परतलेच नाहीत. लायब्ररीला कुलूप. सगळे विषय मॅडम एकट्या घेतात. मी कुरकुर केली तर हौसा म्हणाली, गप ऱ्हा गो. तिचं पहिलं कॉलेज बंद पडलं, दुसऱ्याची मान्यता गेली. हे तिसरं. तपासणीवाले येणार आहेत. एक मुलगी कमी दिसली किंवा वॉर्ड रिकामा दिसला तर हेही बंद. मग मी काय परत घरी जाऊन उंदराच्या शेपट्या रंगवू, म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

रोह्याहून फोन आला. एका मुलीने जागा सोडली, पुढचं नाव माझं! दोन आठवड्यांत हजर व्हायचं.

हौसाला सांगितलं. आधी टोमणा मारला, जा गो जा, दुपारचं जेवायला पुलावरून घरी जा, अम्मी घास भरवील. मग रात्री पाठ करून झोपली. मला वाईट वाटतंय. मी गेले तर या सगळ्यांची वर्षं जातील. आणि मावशीची सवय झाली आहे. पण तिथे मोठं हॉस्पिटल आहे, खरे पेशंट आहेत. अम्मी म्हणते अर्ध्यात सोडू नको, अब्बा म्हणतात सोड. ठरत नाहीये.

११ डिसेंबर, गुरुवार

विसरायच्या आत लिहून ठेवते.

मॅडम आणि हौसा अलिबागला गेल्या होत्या. मावशीचं मोठं इंजेक्शन राहिलं. दुपारी मी तिचं अंग पुसत होते. तिची बोटं हलली. चादरीचं टोक धरलं. पाकिटासारखं दुमडलं. आणि अंगठ्याने मागे वळवून आत दाबलं.

मॅडमची खोच.

मी तिच्या तोंडावरचे कापलेले केस बाजूला केले. जवळून पाहिलं. सुरकुती नाही. हातांवर सुयांचे डाग आहेत म्हणून वय वाटतं. ही मावशी नाही. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असेल.

हौसा आल्या आल्या तिला सांगितलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं. मग विचारलं, आणखी कोणाला बोललीस? म्हटलं, नाही. म्हणाली, बरं केलंस. नसा अशाच आखडतात, त्यात काय एवढं.

१३ डिसेंबर, शनिवार

ठरलं. जाणार. मॅडमकडे कागद मागितले. वाटलं ओरडतील. पण म्हणाल्या, शहाणी मुलगी आहेस, सोमवारी जा. एवढंच.

खिडकीजवळचा पलंग रिकामा आहे. नातेवाईक येऊन मावशीला घेऊन गेले म्हणे. कुठले नातेवाईक? हौसा तिथे नवी चादर घालत होती. डोळे सुजलेले. म्हणाली, फार दिवस टिकली बिचारी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुझी तब्येत चांगली हाय.

मला हे वाक्य आवडलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

उगाच भीत होते. मुलींनी माझ्या निरोपाची पोपटी लावली! हॉस्पिटलच्या मागच्या शेतात मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. सगळ्या माझ्याशी गोड बोलत होत्या. हौसाने अंडं सोलून भरवलं, सरबत दिलं. अम्मीला कळवलंय उद्या येते म्हणून. डोकं जड झालंय, धुराने असेल. हौसा पलंगावर बसली आहे. म्हणते, पहिली सुई मी मारायची ठरली होती ना गो? मी म्हटलं, आता कशाला, उद्या तर— ती बोटं सरळ धरून—

(तारीख माहीत नाही)

खिडकी डाव्या हाताला. खिडकीजवळचा पलंग.

औषध उतरतं तेव्हा बोटं माझी होतात. थोडाच वेळ. पाय होत नाहीत. आवाज नाही.

डायरी हातातून पडून माझ्या अंगाखाली गेली होती. कपडे बदलताना हौसाला सापडली. तिनेच पेनासकट गादीखाली सरकवली. म्हणाली, लिही गो, मन हलकं होतं. वाचणार कोण.

(नंतर)

माझं बोट धरून फोन उघडतात. अम्मीला मेसेज गेला, पेणलाच राहते, अभ्यास खूप आहे. अम्मीने दुवा पाठवली. हौसाने वाचून दाखवली. गाल पुसले माझे.

हजेरीत मी मुलगी. पलंगावर मी पेशंट. दोन्ही जागा—

(नंतर)

तपासणीवाले आले. मॅडम म्हणाल्या, हायवेवर सापडली, कोणी नाही बिचारीला. मी चादर धरली. दुमडली. अंगठा. एक साहेब थांबला, म्हणाला हात हलतोय. हौसा म्हणाली, नसा आखडतात, सर. तो म्हणाला, निगा छान ठेवता.

मान्यता मिळाली. पेढे वाटले. मला नळीतून पातळ पेज—

(नंतर)

नवीन मुलगी. गडबची, अनिता. हसरी. हातावर थोपटून म्हणाली, घाबरू नका हां मावशी.

मावशी.

कोपरे छान घालते. तीन झाले. चादर फाटकी निघाली, दुसरी आणायला गेली आहे. उशाकडचा राहिला. तिथेच ठेवते ही डायरी. हात पुरतो जेमतेम.

अनिता, आधी वाच. मी हफ्सा. अष्टमीची. पुलाजवळ घर. अम्मीला सांग. मॅडमना देऊ नको. मी दिली होती. ती पेन्सिल. माझ्याआधीची मावशीही अशीच कोणाला तरी लिहीत—

पावलं. अनिता एकटी नाही. हौसा आहे. तिला सांगते आहे, गादीखाली काही टोचणारं सापडलं तर लगेच आणून दे हां गो, मॅडम शाबासकी दे—