घोड्याच्या नाण्यावरचा ठसा

१४ मार्च, दुपार

प्रिय ताईस,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा तिच्याइतकाच हट्टी आहे. तुझा खोकला गेला का?

बाबांच्या माघारी त्यांची नाणी विकायची ठरल्यापासून त्यांच्याच खोलीत बसतोय. किंमत ठरवायला येणारे गृहस्थ (आई त्यांना ‘भिंगवाले’ म्हणते) म्हणाले, आधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. खिडकीशी टेबल, खाली करडा कागद, हातात सुती मोजे. नाणं कडेनेच धरायचं, ही बाबांची शिस्त अजून इतकी अंगात आहे की शेचाळिसाव्या वर्षीही मी श्वास रोखतो.

मुद्दा टाळतोय, कळतंय मला.

ते घोड्याचं चांदीचं नाणं. त्याला बोट लावलंस म्हणून बाबा तुला वाट्टेल ते बोलले आणि या खोलीचं दार तुला कायमचं बंद झालं. तू तेरा वर्षांची होतीस, मी नऊ.

समोरून उजेड असला की त्यावर नुसता काळपट डाग दिसतो. काल दिवा अगदी खाली, आडवा धरला आणि फोटो मोठा करून पाहिला. डाग नव्हे, अंगठ्याचा ठसा आहे. घामाने चांदीत कायमचा उतरलेला. त्याच्या मधून एक तिरकी चीर गेलीय.

दुसरीत पेन्सिलला टोक करताना माझा डावा अंगठा ब्लेडने कापला होता. ती खूण अजून आहे. तीनदा ताडून पाहिलं, शाईचा ठसासुद्धा घेतला.

मला खरंच आठवत नाही, ताई. पण मग सदतीस वर्षांत ते नाणं मी एकदाही हातात का घेतलं नाही?

आज आईला फोटो दाखवला. तिने चष्माही लावला नाही.

“तुझाच आहे. तुझ्या बाबांनी तेव्हा दुसऱ्याच दिवशी भिंगातून पाहिलं होतं.”

“मग ताईला तसं सांगितलं का नाही?”

“तिला बोलून झालं होतं ना! आणि तुला बोलले असते तर तू तापाने फणफणला असतास. ती काय, दणकट.”

दणकट! कोणावर चिडू, कळेना. हे लिहून तुझं ओझं उतरतंय की माझंच, तेही कळत नाही. दोन कागद फाडले.

भिंगवाले म्हणतात, द्रावणात बुडवलं तर ठसा फिका होईल, पण नाण्याची जुनी झाक जाईल. मी ते यादीतूनच काढलं. “अहो, सगळ्यांत चांगला नग आहे तो!” ते कळवळून म्हणाले. असू दे. ते तुझं आहे. येऊन ने, हवं तर भांडायला ये.

एक मात्र लख्ख आठवतं. बाबा ओरडत होते, तू “मी नाही” एवढंच म्हणालीस. मी शेजारीच उभा होतो. तू माझ्याकडे बघायचं टाळलंस.

तुला तेव्हाच माहीत होतं का गं?

उत्तर काहीही असो,
तुझाच,
धाकटा