अण्णांच्या माघारची खोली

अंधेरी,
१० ऑगस्ट १९८६

ती. दादास,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

तू आणि वहिनी नागपूरला सुखरूप पोचल्याचं कळलं. मी बरी आहे. ऑफिसात जाते. सकाळी अजून चुकून अण्णांचाही चहा टाकते आणि मग दोन्ही कप मलाच प्यावे लागतात.

एक काळजी मात्र उभी राहिली आहे. घरमालकाचे भाडेवसुली करणारे मेहताजी येऊन गेले. खोली अण्णांच्या नावावर होती, ते गेले, आता दिवाळीपर्यंत रिकामी करा म्हणाले. मी म्हटलं, भाडेकरू गेला तर त्याच्याजवळ राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरार जातो, कायदाच आहे तसा. त्यावर म्हणतात, तुम्ही तर नाशिकच्या ऑफिसात होतात, वडील आजारी पडल्यावर आलात, म्हणजे पाहुण्या! अरे, बदली करून घेऊन मला इथे तीन वर्षं होतील. इतकी वर्षं राहणारी पाहुणी कुठे पाहिलीस का?

चाळीत सगळ्यांना खरं ठाऊक आहे, पण साक्षीला यायला कोणी तयार नाही. उद्या आपलं पाणी तोडलं तर, ही प्रत्येकाला भीती. शेजारचे धोंडिरामकाका भाडेकरूंची सभा बोलवू म्हणतात. बघू.

वहिनींना नमस्कार. माया असू दे.
तुझी
पद्मजा

नागपूर,
२१ ऑगस्ट १९८६

चि. पद्मजास,
विद्याधरचे अनेक आशीर्वाद.

रॉकेलवाल्याशी घासाघीस करताना जिचा आवाज फुटत नसे, ती मेहताजींना कायदा सांगते! मृणालिनीला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, वन्सं आता कोणाला ऐकायच्या नाहीत.

आमची पुढची खोली तुझीच समज. पण यायचं तर आमच्या ओढीने ये, भिऊन येऊ नकोस. इथल्या एका वकिलांना विचारलं. कायदा तुझ्या बाजूने आहे, साक्षीदार मात्र लागतील म्हणाले. सभेत बोलायची वेळ आली तर खाली बघून बोलू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
दादा

अंधेरी,
१४ ऑक्टोबर १९८६

ती. दादास,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

बातमी आधी सांगते. खोली राहिली!

सभा चाळीच्या अंगणातच झाली. अर्ज उशिरा दिल्यामुळे लाउडस्पीकरची परवानगी मिळाली नव्हती. मेहताजी फाटकाशीच उभे होते. मी बोलले, वर बघून बोलले. पण साक्ष कोण देणार, असं काकांनी विचारलं, तर कोणी चपला बघतोय, कोणी आभाळ.

तेवढ्यात मढहून मासळी घेऊन येणाऱ्या सोनूबाई मागून उठल्या. त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं. पाटी खाली ठेवून त्यांनी असा आवाज लावला की लाउडस्पीकर हवा कशाला! म्हणाल्या, म्हाताऱ्याला घास भरवताना हिला मी रोज बघितलंय, हिला पाहुणी म्हणणारा कोण तो पुढे ये. तुम्ही येऊ नका, मी एकटी कोर्टात उभी राहते. मग काकांनी हात वर केला, मग जिन्याखालच्या बिऱ्हाडाने, आणि बघता बघता सगळं अंगण. मी मात्र रडत बसले.

इतके साक्षीदार बघून मालकाच्या वकिलानेच त्याला नाद सोडायला सांगितलं. काल मेहताजी माझ्या नावाची भाडेपावती देऊन गेले. जाताना बोलून गेले, की सप्टेंबरात ते नागपूरला तुझ्याकडे आले होते, मुलगा म्हणून तू हक्क सांगून खोली सोडून दे, तुझाही फायदा बघू, असं सांगायला. आणि तू त्यांना चहा पाजलास, आणि घर माझ्या बहिणीचं आहे, तिला विचारा, म्हणून वाटेला लावलंस. मला एका अक्षराने कळवलं नाहीस. सोनूबाईंचे पाय धरायला गेले तर त्यांनी पाठीत धपाटा घातला. तू लांब आहेस, म्हणून तुला इथूनच नमस्कार.

आता एक ऐक. इतकी वर्षं भाऊबीजेला तू अण्णांच्या घरी येत होतास. यंदा वहिनींना घेऊन माझ्या घरी ये.

तुमच्या मायेत राहणारी,
पद्मजा